हापशासारखं धनुष्य: चिनी झूगे नूची यंत्ररचना

मागच्या व्याख्यानात आपण साध्या क्रॉसबोचा चाप बघितला. शेवटी श्रोत्यांमधून एक प्रश्न आला होता आणि वेळ संपल्यामुळे तो राहून गेला. प्रश्न असा: एकामागून एक दहा बाण सोडणारा क्रॉसबो चिनी लोकांकडे होता, तर मग तेच सैन्याचं मुख्य शस्त्र का झालं नाही? एवढी हुशारीची रचना मागे का पडली? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नावर आहे. त्याचं उत्तर इतिहासात शोधण्याआधी यंत्रात शोधावं, असं आम्हाला वाटतं.

या शस्त्राचं चिनी नाव झूगे नू. नू म्हणजे क्रॉसबो आणि झूगे हे आडनाव, झूगे लियांगचं. हा तिसऱ्या शतकातल्या शू राज्याचा मंत्री (181 ते 234). चीनमध्ये कुठलीही चतुर गोष्ट त्याच्या नावावर जाते. आपल्याकडे नाही का, प्रत्येक हजरजबाबी गोष्ट बिरबलाच्या खात्यात जमा होते, तसंच. पण 1986 मध्ये हुबेई प्रांतात चिनजियाझुई इथे एका थडग्यात असाच बाणपेटीचा क्रॉसबो सापडला आणि तो इसवी सनपूर्व चौथ्या शतकातला आहे. म्हणजे झूगे लियांगच्या पाचशेहून अधिक वर्षं आधीचा! त्याच्यात दोन चर शेजारी शेजारी आहेत, एका वेळी दोन बाण सुटायचे आणि पेटीत वीस बाण मावायचे. झूगे लियांगबद्दलच्या जुन्या नोंदीत आहे ते असं की त्याने एकाच वेळी दहा लोखंडी बाण सोडणारा क्रॉसबो केला. आता नीट ऐका. ‘एकाच वेळी दहा’ आणि ‘एकामागून एक दहा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आता यंत्राकडे येऊ. मिंग आणि चिंग काळात जो प्रकार रूढ झाला तोच आपण बघणार आहोत, कारण समोरच्या टेबलावर असलेली प्रतिकृती त्याच प्रकारची आहे.

खाली एक लाकडी दांडा. त्याच्या पुढच्या टोकात बांबूच्या पट्ट्यांचं धनुष्य आडवं बसवलेलं. दांड्यावर एक अरुंद, उंच लाकडी पेटी, तिच्यात दहा बाण एकावर एक रचलेले. पेटीच्या तळाशी बाणाला पुढे जायला चर आहे आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना लांबट फट आहे. धनुष्याची दोरी या फटीतून आरपार जाते. फटीच्या मागच्या टोकाला एक खाच. आणि या सगळ्याला जोडणारी इंग्रजी यू अक्षरासारखी एक तरफ: तिचं खालचं टोक एका खिळीने दांड्याला, थोडं वर दुसऱ्या खिळीने पेटीला जोडलेलं. बस्स. चाप नाही, स्प्रिंग नाही. धातू फक्त बाणाच्या टोकाला आणि फार तर खिळ्यांना.

वापरायचं कसं? गावाकडचा हापसा आठवा. तोच हात, तीच लय. दांड्याचं मागचं टोक पोटाशी किंवा कमरेशी टेकवायचं, तरफ पुढे ढकलायची, मागे ओढायची. पुढे, मागे. प्रत्येक फेरीला एक बाण.

आता ही एक फेरी आपण सावकाश करू. तरफ पुढे ढकलली की पेटी पुढे सरकते. दोरी जागेवरच आहे, धनुष्य अजून सैल आहे; त्यामुळे पेटीच्या दृष्टीने बघितलं तर दोरी फटीतून मागे मागे सरकते आणि शेवटी खाचेत पडते. इतका वेळ ही दोरीच बाणांना खाली पडू देत नव्हती! सगळ्यात खालचा बाण दोरीवर टेकलेला होता. दोरी त्याच्या बुडाच्या मागे गेली की त्याच्याखालचा आधार जातो आणि तो आपल्या वजनाने चरात पडतो, बरोबर दोरीच्या पुढ्यात. बाण भरण्यासाठी वेगळा एकही भाग नाही. आम्हाला विचाराल तर या यंत्रातली खरी सुंदर कल्पना हीच. ती पुस्तकातल्या चित्रावरून आम्हाला कळली नव्हती, प्रतिकृती करताना कळली.

मग तरफ मागे. पेटी मागे येते, खाचेत अडकलेली दोरी तिच्याबरोबर येते, धनुष्य वाकतं. आता सोडायचं कसं? खाचेच्या बरोबर खाली एक उभं भोक आहे आणि त्यात कठीण लाकडाची किंवा शिंगाची छोटी खुंटी सैल बसवलेली आहे. दोरी खाचेत बसली की ती खुंटीला खाली दाबते, त्यामुळे खुंटीचं टोक पेटीच्या तळातून किंचित बाहेर डोकावतं. ओढ पूर्ण होताना पेटी दांड्यावर दाबली जाते, ते डोकावणारं टोक दांड्यावर आपटतं, खुंटी वर उचलली जाते आणि दोरीला खाचेबाहेर ढकलते. दोरी सुटली, बाण गेला. तरफ पुन्हा पुढे.

म्हणजे बघा, साध्या क्रॉसबोत माणूस चार कामं वेगवेगळी करतो: दोरी ओढून अडकवणं, बाण ठेवणं, नेम धरणं, चाप ओढणं. इथे एका हालचालीत तीन होतात. चौथं काम, नेम धरण्याचं, त्याचं काय झालं? ते गळून पडलं. दोरी पूर्ण ताणली गेल्याच्या क्षणीच सुटते, मध्ये थांबायला जागाच नाही. आणि त्याच क्षणी हात तरफेवर सगळ्यात जास्त जोर लावत असतो, म्हणून सुटताना सगळं शस्त्र मान डोलावतं. शिवाय ते कमरेशी धरलेलं. डोळा कुठे आणि बाण कुठे!

पण नेम जाणं हा लहान तोटा. मोठा तोटा ताकदीचा आहे आणि इथे थोडा हिशोब करावाच लागेल.

समजा झूगे नूच्या दोरीला शेवटी 20 किलोचा ताण लागतो आणि दोरी 25 सेंटीमीटर मागे येते. ताण शून्यापासून वाढत जातो, म्हणून साठलेली ऊर्जा निम्मी धरायची: 200 न्यूटन गुणिले पाव मीटर, भागिले दोन. 25 जूल. तरफेमुळे हाताला जोर कमी लागेल हे खरं. तरफेचं प्रमाण अडीचपट असेल तर हाताला 20 ऐवजी 8 किलो, पण मग हाताला 25 ऐवजी साठ-बासष्ट सेंटीमीटर फिरावं लागेल. गुणाकार तोच राहतो. तरफ ऊर्जा देत नाही, फक्त वाटून देते. हाताच्या एका झटक्यात जेवढं काम होतं, त्याहून जास्त बाणाला मिळणं शक्य नाही.

आता मागच्या वेळचा हान काळातला लष्करी क्रॉसबो आठवा. तो ‘सहा शी’ ताकदीचा असायचा आणि एक शी म्हणजे साधारण 30 किलो. म्हणजे 180 किलो. दोरीची ओढ अर्धा मीटर धरा: ऊर्जा साधारण 440 जूल. ती सगळीच बाणाला मिळत नाही, पण तुलनेपुरतं चालेल. झूगे नूची अख्खी पेटी रिकामी केली तरी दहा बाणांचे मिळून 250 जूल. दहा बाण एकत्र, तरीही त्या एका बाणाच्या जवळपास निम्मेच!

हा फरक कुठून आला? चापातून. हान काळातला तो कांस्याचा चाप एवढा प्रचंड ताण धरून ठेवू शकायचा. त्यामुळे माणूस दोन्ही पाय लावून, कंबर लावून, सावकाश दोरी ओढायचा आणि मग निवांत नेम धरायचा. ताकद हळूहळू साठवायची आणि एका क्षणात खर्च करायची, ही क्रॉसबोची खरी देणगी. झूगे नूने वेगासाठी नेमकी हीच देणगी सोडली. तो क्रॉसबोसारखा दिसतो, पण आपल्या मते स्वभावाने क्रॉसबो राहिलेला नाही.

बाणाचीही किंमत मोजावी लागली. पेटीत पिसं लावलेले बाण ठेवले तर ते एकमेकांत अडकतात, म्हणून इथे बाण बिनपिसांचे. हवेत सरळ राहायला आधार फक्त जड टोकाचा. जवळच्या अंतरावर चालून जातं, लांबवर बाण भरकटतो.

मग याचा उपयोग काय? तो चिनी लेखकांनी स्वतःच स्वच्छ सांगितला आहे, आपणच त्याला प्राचीन मशिनगन म्हणत बसतो. माओ युआनयीच्या 1621 च्या ‘वूबेई झी’ या लष्करी ग्रंथाचा सूर असा: हे सुटसुटीत शस्त्र आहे, पुस्तकी पंडित किंवा अंतःपुरातल्या स्त्रियाही स्वसंरक्षणासाठी वापरू शकतील, मारा दुबळा, म्हणून बाणाच्या टोकाला वाघ मारण्याचं विष लावावं, पल्ला फार कमी. पुढे 1637 मध्ये सोंग यिंगशिंगने ‘तियानगोंग काइवू’त पल्ला वीसेक पावलांचा दिला आणि हे चोरांपासून बचावाचं साधन आहे, सैन्याचं नव्हे, असं म्हटलं. विषाची गोष्ट मुद्दाम लक्षात घ्या. बाण खोल घुसत नाही हे मान्य केल्यावर रचनाकाराने घुसण्याची गरजच काढून टाकली, ओरखडा पुरेसा केला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इंग्रज अभ्यासक राल्फ पेन-गॅलवे याने क्रॉसबोवरच्या 1903 च्या पुस्तकात या शस्त्राचं कौतुक केलं आहे. त्याच्या हिशोबाने दहा बाण पंधरा सेकंदांत सुटतात, म्हणजे शंभर माणसं पाव मिनिटात हजार बाण सोडतील. त्याने परिणामकारक पल्ला 80 यार्ड दिला आहे आणि 1894-95 च्या चीन-जपान युद्धातही हे शस्त्र दिसल्याचं नोंदवलं आहे. तटावरून, खाली दाटीने आलेल्या माणसांवर, नेम कशाला हवा? तिथे हा हिशोब बरोबर ठरतो.

तर हुशारीची रचना मागे पडली असं आम्ही म्हणणार नाही. ती दोन हजार वर्षं टिकली, फक्त घरात आणि तटावर. रणांगणावर नाही.

जाता जाता ग्रीकांचं उदाहरण, कारण त्यांनी हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात ऱ्होड्स बेटावर अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियसने ‘पॉलिबोलोस’ बांधलं, म्हणजे अनेक बाण फेकणारं. बायझँटियमच्या फिलोने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. ते हातात धरायचं नव्हतं, तिवईवरचं जड यंत्र होतं. पंचकोनी चाकांवरून फिरणारी सपाट कड्यांची साखळी, वर बाणांचा हौद, त्याखाली एक खाच असलेला फिरता लाटणीसारखा दंडगोल. प्रत्येक फेरीला तो एक बाण उचलून खाली चरात टाकायचा. चाप वाटेतल्या खुंट्यांना लागून आपोआप बंद व्हायचा आणि उघडायचा. रहाट फिरवत राहायचं, बस. यंत्र जागेवर घट्ट, म्हणून नेम हलत नाही. आणि फिलोची तक्रार काय, तर बाण सगळे एकाच जागी जाऊन पडतात! समोर शत्रू पसरलेला असताना एकाच माणसाला दहा बाण मारून काय मिळवायचं?

आता प्रतिकृतीबद्दल दोन गोष्टी, म्हणजे नंतर पुढे येऊन हाताळताना गोंधळ होणार नाही. आमची पहिली पेटी फसली. आतली रुंदी बाणाच्या जाडीपेक्षा जरा जास्त ठेवली, तर बाण एकावर एक न राहता तिरके होऊन शेजारी शेजारी अडकले. दुसऱ्या खेपेला खाच उथळ झाली आणि दोरी अर्ध्या ओढीतच निसटू लागली. मग खोल केली तर खुंटी तिला बाहेर काढेना. शेवटी कानस घेऊन थोडं थोडं घासत जमलं. सगळं यंत्र त्या करंगळीएवढ्या खुंटीच्या लांबीवर चालतं.

दुसरी गोष्ट, पुढचं टोक फार खाली करू नका. चरातल्या बाणाला धरून ठेवणारं काही नाही, त्याच्यावर फक्त वरच्या बाणांचं वजन असतं. शेवटच्या बाणावर तेही नसतं, म्हणून तो दोरी सुटायच्या आधीच पुढून घरंगळतो. बाणांना आम्ही रबराची टोकं लावली आहेत, तरी तोंड भिंतीकडेच ठेवा. एकेक जण या.