सेक्टर १९, पण कोणता?

आमच्या उलव्यात सेक्टर १९ आहे. वाशीत, नेरुळात व खारघरातही आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नोडनोडला सेक्टरांचे क्रमांक स्वतंत्र दिले. नुसता क्रमांक सांगितला, तर रुग्णवाहिकाही खाडीपलीकडे जायची!

संगणकाच्या लिनक्स प्रणालीत हाच पेच होता. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. एकाच यंत्रात कर्नल अनेक अलग जाळी नांदवतो. त्यांना ‘नेटवर्क नेमस्पेस’ म्हणतात. प्रत्येकीत जोडण्यांचे क्रमांक स्वतंत्र, म्हणून तेच क्रमांक पुन्हा येतात. दोन नेमस्पेस सांधणाऱ्या आभासी तारेचे एक टोक इकडे, दुसरे तिकडे. पूर्वी कर्नल पलीकडच्या टोकाचा केवळ क्रमांक सांगे, समजा ५. पण कुठल्या नेमस्पेसमधला ५? २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून संदेशात त्या नेमस्पेसची ओळखसंख्याही येऊ लागली.

मात्र ही संख्या सार्वत्रिक नाही, पाहणाऱ्यागणिक ठरते. एक नेमस्पेस जिला ० म्हणते, तिलाच दुसरी ३ म्हणू शकते. उलवेकराचे ‘खाडीपलीकडे’ म्हणजे नेरुळ, नेरुळकराचे उलवे; तसेच हे. म्हणूनच नेमस्पेस उचलून दुसऱ्या यंत्रात मांडली, तरी तिच्या ओळखी तशाच राखता येतात.

तेव्हा वाचकहो, पत्ता सांगताना क्रमांकाआधी गाव सांगावे. यंत्रालाही अखेर तेच शिकावे लागले.