तीस पानांचे डावपेच: सर्वांत बलवान ‘डेक’ कोणता?

२०१८च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत भुजच्या तीर्थ मेहता याने ‘हर्थस्टोन’ या डिजिटल पत्त्यांच्या खेळात कांस्यपदक मिळवले. ई-क्रीडा तेव्हा प्रदर्शनीय प्रकारात असल्याने हे पदक भारताच्या पदकतालिकेत मात्र धरले गेले नाही.

रमीत सर्वांना एकाच कॅटमधून पाने वाटली जातात. येथे प्रत्येक खेळाडू साधारणतः ३० पानांचा स्वतःचा संच, म्हणजे ‘डेक’, आधीच बांधून आणतो. एक पान फार तर दोनदा, ‘लेजंडरी’ पान एकदाच घेता येते. पान खेळण्याची किंमत ‘माना’ नामक स्फटिकांनी चुकवायची. हे स्फटिक दर फेरीला एकेक वाढत दहापर्यंत जातात. साऱ्या डावपेचांचे मूळ यातच आहे. स्वस्त पानांचा आक्रमक डेक प्रतिस्पर्ध्याचे ३० प्राणगुण आरंभीच्या फेऱ्यांतच संपवू पाहतो. बचावात्मक डेक तोवर तग धरतो आणि पुढे महागड्या पानांनी बाजी उलटवतो. तिसरा प्रकार ठरावीक दोन-तीन पाने हाती येईपर्यंत थांबतो व एका फटक्यात डाव संपवतो. संथ खेळणारा त्याच्यापुढे हतबल होतो, पण आक्रमकापुढे त्याला तेवढी सवडच मिळत नाही.

‘सर्वांत बलवान’ ही पदवी म्हणूनच चंचल! एखादा डेक लोकप्रिय झाला की त्यावर उतारा शोधला जातो. कधी कंपनीच त्यातील पाने दुबळी करते. शिवाय ‘कॉन्क्वेस्ट’ पद्धतीत जिंकलेला डेक त्या सामन्यात पुन्हा वापरता येत नाही. एकाच हुकमी डेकवर विसंबणाऱ्याची तेथे पंचाईत होते.

नव्या पानांची बंद पाकिटे खेळातील सुवर्णमुद्रांनी किंवा खऱ्या पैशांनी घ्यावी लागतात. आत कोणते पान निघेल, हे दैवाधीन.