बागेच्या किनारीचे पहिले चौदा दिवस

खर्डी आणि कसारा या स्थानकांच्या मध्ये असलेल्या उंबरमाळीच्या परिसरात, किंबहुना एकूणच शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात, मुंबई-ठाण्याकडील अनेकांनी शेतघरे बांधली आहेत. घर बांधून झाले की बाग येते आणि बाग आली की तिला किनार हवी असते. पूर्वी यासाठी विटा तिरप्या रोवून त्यांना गेरू आणि चुना फासला जाई. आता त्यांची जागा काँक्रीटच्या सलग किनारीने घेतली आहे. कारागीर तिला ‘कर्ब’ म्हणतात. हिरवळ आणि पायवाट वेगळी ठेवणे, वाफ्यातील माती पावसात वाहून जाऊ न देणे, एवढेच तिचे काम. मात्र हे काम ती किती वर्षे करील, हे बव्हंशी पहिल्या दोन आठवड्यांत ठरून जाते आणि नेमक्या त्याच दिवसांत घरमालक तेथे नसतो.

शनिवारी सकाळी मिस्त्री काम सुरू करतो. रविवारी संध्याकाळी किनार पूर्ण होते आणि राखणदाराला ‘रोज पाणी मारत जा’ असे सांगून मंडळी परततात. महिन्याभराने येऊन पाहावे तर किनारीवर केसासारख्या भेगांचे जाळे पसरलेले असते. कडेला नख लावले तर पीठ सुटते. मग सिमेंट कमी घातल्याचा ठपका मिस्त्रीवर येतो. कधी तो खराही असतो. पण पुष्कळदा दोष मिश्रणाचा नसून नंतरच्या देखभालीचा असतो.

काँक्रीट वाळते म्हणून घट्ट होते, ही समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते, तीतून नवे स्फटिक तयार होतात आणि ते वाळू व खडीला धरून ठेवतात. ही क्रिया काही दिवस वेगाने आणि पुढे कित्येक आठवडे मंद गतीने चालू राहते. त्या काळात पाणी उडून गेले तर क्रिया तेथेच थांबते. काँक्रीट वाळलेले दिसते, पण अपुरेच राहते. ओलावा टिकवून ही क्रिया पुरी होऊ देणे म्हणजेच ‘क्युरिंग’, मिस्त्रीच्या भाषेत पाणी मारणे.

बागेच्या किनारीला याची गरज घराच्या स्लॅबहूनही अधिक असते. स्लॅबवर वाळूचे किंवा मातीचे आळे करून पाणी साठवता येते. किनार अरुंद असते, उभी असते; तिच्यावर पाणी थांबत नाही. वरचा माथा आणि दोन्ही बाजू अशा तीन अंगांनी तिला ऊन-वारा लागतो. चौथ्या अंगाला, म्हणजे खाली, कोरडा मुरूम असेल तर तोही पाणी शोषून घेतो. म्हणूनच काँक्रीट टाकण्यापूर्वी चर ओला करून धुमसाने चोपून घेणे आवश्यक असते. चरात पाणी साचलेले मात्र नसावे.

काँक्रीट किती दिवस ओले ठेवावे, याबाबत ‘आयएस ४५६ : २०००’ हे भारतीय मानक स्पष्ट आहे. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किमान सात दिवस, मिश्र सिमेंटसाठी किमान दहा दिवस, आणि हवा उष्ण व कोरडी असल्यास कोणत्याही सिमेंटला दहा दिवसांहून कमी नाही. मिश्र सिमेंटच्या बाबतीत ही मुदत चौदा दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. हल्ली दुकानात सहज मिळणारी गोणी बहुधा ‘पीपीसी’ची, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची असते. तेव्हा चौदा दिवस धरून चालावे. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ नळी फिरवण्याची जी पद्धत रूढ आहे, ती या हिशेबात कोठेच बसत नाही. उलट दुपारी कडक वाळणे आणि संध्याकाळी भिजणे या आलटून पालटून होणाऱ्या प्रकारानेच पृष्ठभागावर जाळी पडते.

आता प्रश्न पाण्याचा. तानसा आणि भातसा हे मुंबईची तहान भागवणारे जलाशय शहापूर तालुक्यातील. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जात आहे. तरीही याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाडमधील काही पाड्यांची स्थिती वेगळी नाही. अशा ठिकाणी एप्रिलमध्ये किनार घालायची आणि राखणदाराच्या घरातील बाईने दूरच्या विहिरीवरून आणलेले पाणी काँक्रीटवर ओतायचे, हे चित्र कुणालाही रुचू नये. परंतु पाणी न घालावे तर केलेला खर्च वाया जातो.

हा पेच सुटण्यासारखा आहे. ३० मीटर लांब, १५ सेंटीमीटर रुंद आणि जमिनीवर १५ सेंटीमीटर उंच अशी किनार धरली, तर तिचा उघडा भाग साडेतेरा चौरस मीटर भरतो. ताज्या काँक्रीटच्या दर चौरस मीटरमधून तासाला एक लिटरच्या आसपास पाणी उडू लागले की भेगांचा धोका गंभीर मानतात. कडक ऊन आणि वारा एकत्र आले तर हा वेग गाठणे कठीण नाही. म्हणजे एवढ्याशा किनारीवरून तासाला साडेतेरा लिटर, जवळपास एक हंडा पाणी हवेत जाणार! नळीने कितीही पाणी मारले तरी बरेचसे ओघळून मातीत जाते, उरलेले उन्हात उडते. पाणी ओतण्यापेक्षा ते उडू न देणे स्वस्त पडते, ते यामुळे.

त्यासाठी लागते जुने गोणपाट आणि प्लास्टिकचा कागद. काँक्रीट टाकल्यावर पृष्ठभागावरील पाण्याची चकाकी गेली की प्लास्टिक अलगद पांघरावे. या वेळी नळीने पाणी मारू नये; धारेने वरचे सिमेंट धुऊन निघते आणि खडी उघडी पडते. दुसऱ्या दिवशी बाजूच्या फळ्या काढता येतात. त्यानंतर भिजवलेले गोणपाट किनारीच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत सोडावे, त्यावर पुन्हा प्लास्टिक घालून कडेला दगड ठेवावेत. कसारा घाटाकडून वारा सुटला की दगडांशिवाय प्लास्टिक जागेवर राहत नाही. असे केल्यास वरील लांबीच्या किनारीचे काम दिवसाला दोन-तीन बादल्यांत भागू शकते. गोणपाटाला हात लावून पाहावा. ओले लागले तर त्या दिवशी पाणी घालण्याची गरजही नाही. भाताचा पेंढा वापरला तरी चालतो, पण त्याचे पिवळट डाग पडतात. पाणी गढूळ असल्यास तेही डाग सोडते. रंगीत किनार असेल तर ही काळजी अधिक घ्यावी लागते.

याहून सोपा उपाय म्हणजे हंगाम सांभाळणे. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ या भागात अशा कामाला उत्तम. विहिरींना पाणी असते, जमिनीत ओल टिकून असते, ऊन सौम्य असते. थंडीत काँक्रीटचे बळ थोडे सावकाश वाढते, इतकेच. मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी बाग तयार हवी म्हणून मार्च-एप्रिलमध्ये घाई करणाऱ्यांना हा सल्ला पटणे अवघड! ज्यांना थांबता येत नाही त्यांनी निदान काँक्रीट टाकण्याचे काम दुपारी न करता उन्हे उतरल्यावर करावे.

भेगा पूर्णपणे टाळता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवलेले बरे. काँक्रीट आकसतेच. ते कोठे तडकावे एवढे मात्र ठरवता येते. म्हणून साधारण दर मीटरवर, उंचीच्या चौथ्या ते तिसऱ्या भागाइतका खोल सांधा थापीने किंवा पत्र्याने काँक्रीट ओले असतानाच पाडावा. भेग त्या सांध्यात पडते आणि नजरेत येत नाही. वळणावर आणि पायरीला किनार भिडते तेथे सांधा विसरता कामा नये.

फळ्या निघाल्या की लगेच एका बाजूने मातीचा ढीग लोटण्याची घाई केली जाते. किनार तिरपी होण्याचे ते एक कारण आहे. चार-पाच दिवस थांबून दोन्ही बाजूंनी थोडी थोडी माती भरावी, प्रत्येक थर हलक्या हाताने चोपावा आणि वर गोणपाट तसेच ठेवावे. काँक्रीटचे बळ मोजण्याची रूढ मुदत २८ दिवसांची असल्याने तोवर गाडीचे चाक किनारीवर चढवू नये. रंगाचा किंवा संरक्षक लेपाचा हातही त्यानंतरच द्यावा. लेपापूर्वी पृष्ठभागावर लोण्यासारखा पांढरा थर आलेला दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. आतील चुना बाहेर येऊन हवेशी संयोग पावतो, त्याचा तो थर. कोरड्या ब्रशने घासून तो बराच जातो. ॲसिडची बाटली उघडण्याची घाई नको.

खतांविषयी फारसे बोलले जात नाही. अमोनियम सल्फेट काँक्रीटला खाते, हे जाणकारांना ठाऊक असते. पण माळी मूठभर खत फेकताना किनारीकडे पाहत नाही. लोहयुक्त खताचे दाणे किनारीवर पडून भिजले की तांबूस डाग उमटतात. ते भिजण्यापूर्वीच झाडून टाकावेत. झाडांचेही तसेच. वड, पिंपळ, उंबर यांच्या मुळांना काँक्रीट अडवू शकत नाही, तेव्हा त्यांच्यापासून किनार दूर न्यावी. उंबरमाळीत उंबराला जागा सोडणे तसेही शोभून दिसेल.

आणि शेवटी पाऊस. या भागात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जमीन बहुतेक उताराची आहे. उताराला आडवी घातलेली सलग किनार म्हणजे छोटा बंधाराच. भातखाचराच्या बांधाला शेतकरी पाणी सोडण्यासाठी जागा ठेवतो, ती का, हे पहिल्या मुसळधार सरीनंतर कळते. किनारीत दर दीड-दोन मीटरवर पाइपाचा तुकडा घालून वाट ठेवली नसेल, तर पाणी वाफ्यात तुंबते किंवा किनारीखालची माती पोखरून बाहेर पडते. जूनमधील पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बागेत एक फेरी मारावी. पाणी जेथे अडलेले दिसेल, तेथे उघडीप मिळताच छिन्नीने सांध्यापाशी वाट मोकळी करता येते आणि तळाशी पोकळी झाली असल्यास मुरूम ठासून भरता येतो.