रिकामी गाडी का आपटते?

भरलेल्या बैलगाडीपेक्षा ओझे उतरवून परतणारी रिकामी गाडी अधिक खडखडते, हे खेड्यात राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अमेरिकेतील पिकअप गाडीच्या मालकांचा अनुभव याहून फारसा निराळा नाही. पिकअप म्हणजे पुढे माणसांसाठी बंदिस्त केबिन व मागे उघडा हौदा असलेली हलकी मालमोटार. तिकडे अनेक कुटुंबे तिच्यामागे नावेचा, घोड्यांचा किंवा फिरत्या घराचा ट्रेलर जोडून लांबचा प्रवास करतात. पण एरवी हीच गाडी रिकामी धावते, आणि तेव्हा लहानशा खड्ड्यातही बसणाऱ्याची कंबर खिळखिळी करते.

याचे कारण बहुधा मागील आसावरच्या कमानपाट्यांत असते. स्प्रिंग जितकी दाबावी तितक्याच प्रमाणात ती उलट जोर करते, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. मोठा भार पेलावयाचा तर पाटे ताठच हवेत. परंतु ताठ पाट्यांवर वजन थोडे असले, की गाडी जलद आणि तुटकपणे उसळते. वजन चौपट झाले, तर त्याच पाट्यांवरील आंदोलने निम्म्या गतीने होतात. भरलेली गाडी संथ वाटते ती यामुळेच. शिवाय पाटे एकमेकांवर घासत असतात. बारीक धक्क्याने हे घर्षण सुटत नाही, आणि तो धक्का जसाच्या तसा वर पोहोचतो.

मग पाटेच मऊ का करू नयेत? ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे १० ते १५ टक्के भाग पिकअपच्या मागील जोडावर यावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. ३००० किलोंच्या ट्रेलरसाठी हा भार ३०० ते ४५० किलो होतो. तो आसाच्याही मागे पडत असल्यामुळे तरफेप्रमाणे गाडीची मागची बाजू दबते व पुढची उचलली जाते. पुढच्या चाकांवरील वजन घटले, की स्टिअरिंग आणि ब्रेक यांचा भरवसा कमी होतो. बरे, जोडावरील भारच कमी ठेवावा, तर ट्रेलर वेगात झोकांड्या खाऊ लागतो. सारांश, पाट्यांचे बळ घटवून मिळविलेला आराम जिवावर बेतू शकतो.

तेव्हा उपाय टायरपासून सुरू करावा. डनलॉप याने १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. ही हवा म्हणजे गाडीची पहिली स्प्रिंगच होय. ट्रेलर ओढताना ठासून भरलेली हवा पुष्कळजण नंतरही तशीच ठेवतात. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. गाडीस योग्य असा दाब चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिलेला असतो. टायर थंड असताना हवा मोजावी, आणि त्या आकड्याच्या खाली उतरू नये. कमी हवेचा टायर ओझ्याखाली तापून फुटतो.

त्यानंतर शॉक अब्सॉर्बर पाहावेत. त्यांतील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते व उसळीची शक्ती उष्णतेत जिरते. एका खड्ड्यानंतर गाडी पुनःपुन्हा डोलत राहिली, तर ते निकामी होत आले आहेत असे समजावे.

एवढ्याने भागले नाही, तरच पाट्यांचा विचार करावा. काही गाड्यांत आधाराचे जादा पाटे भार आल्यावरच टेकतात. कित्येकजण पाट्यांच्या जोडीला रबरी हवापिशव्या बसवितात. ओझ्याप्रमाणे त्यांतील हवा कमीअधिक करता येते. मात्र त्यांमुळे गाडीची ठरलेली भारक्षमता वाढत नाही. ट्रेलर जोडल्यावरच मागेपुढे हिसके बसत असतील, तर जोडातील ढिलेपणा तपासावा. वजनी ट्रेलरसाठी भार पुढील चाकांकडेही वाटून देणारा जोड मिळतो.

हवेच्या तपासणीस दमडीही लागत नाही, आणि पाटे बदलण्यास पुष्कळ खर्च येतो. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी हाती हवामापक घ्यावा, हेच शहाणपणाचे.