गुडघ्याच्या गादीची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया : घरी आल्यानंतर काय?

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर गुडघ्यावर दोन-तीन छोटेसेच छेद दिसतात. साधारण दोन आठवड्यांत त्वचेचे टाके निघतात आणि ‘आता गुडघा बरा झाला’ असे घरच्यांनाही वाटू लागते. बाहेरच्या जखमा सगळ्या रुग्णांच्या सारख्याच दिसतात, आत केलेले काम मात्र सारखे नसते. म्हणून घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : गादीचा फाटलेला भाग काढला, की शिवला?

काढणे आणि शिवणे यांतला फरक

प्रत्येक गुडघ्यात मांडीचे आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. त्यांना मेनिस्कस किंवा बोलीभाषेत गादी म्हणतात. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे तिथली फाट शिवली तर जुळून येऊ शकते. आतल्या भागाला रक्तपुरवठा जवळजवळ नसल्याने तिथला फाटलेला तुकडा बहुधा काढून टाकावा लागतो.

तुकडा काढला असेल तर बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पायावर भार देता येतो. कुबड्या काही दिवसच लागतात. बैठे काम 1 ते 2 आठवड्यांत, तर खेळ व कष्टाची कामे साधारण 4 ते 6 आठवड्यांनंतर सुरू करता येतात.

गादी शिवली असेल तर ती जुळेपर्यंत जपावी लागते. पहिले 4 ते 6 आठवडे पट्टा व कुबड्या लागू शकतात. बहुतेकदा या काळात गुडघा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवू देत नाहीत. खेळायला साधारण 4 ते 6 महिने, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. दुखत नाही म्हणून लवकर भार दिला, तर आतली शिवण उसवू शकते. त्यामुळे शेजाऱ्यांचा गुडघा महिन्यात बरा झाला, याच्याशी तुलना करू नका.

पहिले काही दिवस

• झोपताना पाय उशीवर उंच ठेवा. उशी टाचेखाली किंवा पोटरीखाली घ्या. नुसती गुडघ्याखाली ठेवल्यास आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच राहून आखडतो.
• कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावा.
• जखम कोरडी ठेवा. तेल, हळद किंवा लेप लावू नका.
• जिना चढताना आधी चांगला पाय वर टाका. उतरताना आधी शस्त्रक्रिया झालेला पाय खाली ठेवा.

व्यायाम का टाळू नये?

शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू काही दिवसांतच अशक्त होतो. चालताना गुडघ्याला आधार देणारा मुख्य स्नायू तोच. डॉक्टरांनी परवानगी दिली की पाय सरळ ठेवून मांडी आवळणे आणि 5 सेकंदांनी सैल सोडणे, असे दर वेळी 10 वेळा करा. घोटा वर-खाली हलवत राहा, त्याने रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. व्यायामानंतर सूज वाढली व ती दुसऱ्या दिवशीही उतरली नाही, तर व्यायाम जास्त झाला असे समजा.

मांडी घालणे, उकिडवे बसणे

पूर्ण वाकलेल्या गुडघ्यात गादीवर मोठा ताण येतो. गादी शिवलेल्या रुग्णांनी किमान 4 महिने, किंवा डॉक्टर सांगतील तोपर्यंत, उकिडवे बसू नये. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड-खुर्चीची सोय शस्त्रक्रियेआधीच करून ठेवा. जेवण, पूजा, भाजी निवडणे खुर्चीवर बसूनच करा. अचानक ब्रेक दाबता येईपर्यंत आणि गुंगी आणणारी औषधे थांबेपर्यंत गाडी चालवू नका.

ताबडतोब डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

• ताप, जखमेतून पू, वाढता लालसरपणा
• सूज व वेदना कमी होण्याऐवजी वाढणे
• गुडघा अडकणे, सरळ न होणे
• पोटरी दुखणे, सुजणे. ही रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. अशा पोटरीला मालीश मुळीच करू नका.
• छातीत दुखणे किंवा धाप लागणे. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा.

मधुमेह असल्यास साखर नियंत्रणात ठेवा. तंबाखू व धूम्रपान बंद करा. दोन्हींमुळे जखम भरायला उशीर होतो. टाके निघाले तरी फेरतपासणी आणि फिजिओथेरपी चुकवू नका.