लाळेतील विषाणू आणि प्रकाशाची साक्ष

करोनाच्या साथीत नाकात काडी घालण्याच्या धास्तीने तपासणी टाळणारी माणसे आमच्या भागात ज्यांनी पाहिली असतील, त्यांना नागपूरच्या 'नीरी' या संस्थेचे २०२१ मधील कार्य विशेष मोलाचे वाटेल, कारण डॉ. कृष्णा खैरनार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळणीतूनच नमुना घेण्याची पद्धत सिद्ध केली आणि तिला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची रीतसर मंजुरीही मिळाली.

अशा नमुन्याच्या आरटी-पीसीआर तपासणीत अखेरची साक्ष देतो तो प्रकाश! विषाणूच्या जनुकीय अंशाची प्रत घडताना शोधक रेणूवरील रंगद्रव्य मोकळे होऊन चमकते. प्रती काढण्याच्या दर आवर्तनागणिक त्या जवळजवळ दुप्पट होत असल्याने ती चमक जितक्या लवकर नोंदली जाईल, तितका विषाणू अधिक.

विषाणू ओळखण्याची याहून मनोहर वाट आहे ती सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९२८ साली कलकत्त्यात गवसलेल्या प्रकाशविकिरणाची. रेणूवर आदळून परतणाऱ्या किरणांचा बदललेला रंग त्या रेणूची ओळख पटवतो, आणि पाण्याचा अडथळा अल्प असल्याने लाळेस ही रीत मानवते. परंतु हे विकिरण अत्यंत क्षीण, म्हणून सोन्याचांदीच्या अतिसूक्ष्म कणांनी ते वाढवावे लागते, आणि लाळेतील इतर द्रव्यांची दीप्तीही त्यात व्यत्यय आणते.