गाणे आपले, मालकी कुणाची?

१९६८ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत एक छोटी तबकडी बाजारात आली. गायक होता जेम्स ब्राऊन. 'रिदम अँड ब्लूज' आणि 'सोल' या नावांनी ओळखले जाणारे कृष्णवर्णीयांचे संगीत गाणारा हा माणूस. गाण्याचे नाव, 'से इट लाउड, आय ॲम ब्लॅक अँड आय ॲम प्राउड'. चारच महिन्यांपूर्वी, ४ एप्रिलला, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. समाज संतापलेला होता. 'काळा' हा शब्द तोवर हिणवण्यासाठी वापरला जाई. या गाण्याने तोच शब्द ताठ मानेने उच्चारायला लावला. त्या संगीताच्या यादीत ते सलग सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

मालेगावच्या वाचकाला हे कशासाठी सांगायचे? कारण गाण्याने माणूस उभा राहतो, हे आमच्या मातीला ठाऊक आहे. मालेगावहून कोपरगावकडे निघालो की आधी मनमाड लागते. १९३८ च्या फेब्रुवारीत तिथल्या रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत असे बजावले. पुढे येवला. १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा तिथलीच. ही गर्जना वाचता न येणाऱ्या बायाबापड्यांपर्यंत नेली ती जलशांनी आणि शाहिरांनी. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक तर अक्षर शिकले तेच मोठेपणी. त्यांनी हजारो गाणी रचली आणि गावोगाव फिरून गायिली. २००४ च्या मे महिन्यात दादा गेले, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. चळवळीची लेखणी आणि चळवळीचा आवाज एकाच उन्हाळ्यात हरपला.

पण प्रश्न इथेच सुरू होतो. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवर तिचे स्टॉल लागले. कॅसेट विकणारा कमावला, छापणारा कमावला. लिहिणाऱ्याच्या हाती काय पडले? आज कॅसेट गेली, मोबाईल आला. एप्रिल उजाडला की नव्या भीमगीतांचा पाऊस पडतो. डीजेवर शाहिरांची गाणी वाजतात, पण गीतकाराचे नाव कुणी घेत नाही. कित्येकदा दुसऱ्याच्याच नावावर ती खपवली जातात. ज्यांचा इतिहास पुसला गेला, त्यांनीच आपल्या शाहिरांचे नाव पुसावे, यापेक्षा दुर्दैव ते कोणते?

जेम्स ब्राऊन नुसता गाऊन थांबला नाही. ज्या ऑगस्टा शहरात त्याने लहानपणी बूट पॉलिश केले, त्याच शहरातले रेडिओ केंद्र त्याने पुढे विकत घेतले. सॅम कुक या दुसऱ्या सोल गायकाने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि आपल्या गाण्यांचे हक्क आपल्या हाती ठेवण्याची धडपड केली. गाण्यात स्वाभिमान आणि करारात गुलामी, हे त्यांना मान्य नव्हते.

आमच्याकडे कायदा आहे. २०१२ च्या कॉपीराईट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीत समान वाटा दिला. तो वारसाखेरीज किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेखेरीज कुणालाही लिहून देता येत नाही. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. पण कायदा कपाटात राहिला तर त्याचा उपयोग काय? घटनाकारांच्या लेकरांना हे वेगळे सांगावे लागू नये.

आणि साधने नाहीत ही सबब मालेगावात तरी चालणार नाही. याच गावच्या यंत्रमागाच्या धुरळ्यात वाढलेल्या पोरांनी तुटपुंज्या पैशात स्वतःचे सिनेमे काढले. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाने ते जगापुढे नेले. मग आमच्या तरुणांनी आपली गाणी स्वतः का काढू नयेत? अहिराणीतही का काढू नयेत?

आम्ही एवढेच सुचवतो. जयंतीच्या मंडपात प्रत्येक गाण्याआधी गीतकाराचे नाव पुकारा. मंडळाच्या वर्गणीतून डीजेला देता त्यातला थोडा वाटा शाहिराला द्या. सही करण्यापूर्वी करारनामा वकील बांधवाला दाखवा. म्हाताऱ्या शाहिरांच्या वह्या वाळवी लागण्याआधी उतरवून घ्या. लिहिणाऱ्याची चूल पेटली तरच चळवळीचे गाणे पेटते राहील.

जयभीम!